वेब-उपयोजनांसाठी हलक्या मजकूर-संपादकाची निवड : मराठी लेखनाच्या दृष्टीने काही विचार

(कणकुंबी, तालुका खानापूर, जिल्हा बेळगावी येथे परिसरातील शिक्षक, वाचनालयांचे कार्यकर्ते व संगणकाचे शिक्षण घेतलेले तरुण यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी शहरातील कचेऱ्यांचा व संगणक-कंपन्यांचा वाटण्याचा संभव आहे. मलप्रभेच्या उगमाशी, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेल्या या गावी त्याची चर्चा कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर प्रारंभीच देणे इष्ट होईल. आज शाळेच्या प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीची मागणी, वाचनालयाचा वार्षिक अहवाल, पाणीपुरवठ्याविषयीची तक्रार या बहुतेक गोष्टी संगणकाच्या वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर लिहाव्या लागतात. पडद्यावर एक चौकट येते आणि तिच्यात नागरिकाने आपले म्हणणे लिहावयाचे असते. ही चौकट चांगली असेल, तर नागरिकाचे म्हणणे जसेच्या तसे पोहोचते. ती सदोष असेल, तर अक्षरे बदलतात, मजकूर अर्धवट राहतो, किंवा कंटाळून नागरिक लिहिणेच सोडून देतो. जेथे पावसाळ्यात वीज व संपर्क यांचा भरवसा धरता येत नाही आणि जेथे मराठी, कन्नड व कोकणी या तिन्ही भाषा एकाच बाजारपेठेत ऐकू येतात, तेथे या चौकटीची परीक्षा सर्वांत कठोर होते. येथील परीक्षेत उतरलेली चौकट इतरत्र सहज चालेल.

मजकूर-संपादक म्हणजे काय ?

वेब-पृष्ठावर लिहिण्याच्या चौकटी दोन प्रकारच्या असतात. पहिली साधी चौकट होय. तिच्यात केवळ अक्षरे लिहिता येतात. ठळक अक्षर, यादी, शीर्षक यांची सोय तिच्यात नसते. ती ब्राउझरच्या अंगचीच असते. दुसरी चौकट म्हणजे ज्यास रिच टेक्स्ट एडिटर म्हणतात तो मजकूर-संपादक. यात शब्द ठळक करणे, क्रमांकित यादी घालणे, दुवा देणे, चित्र वा तक्ता बसविणे अशा सोयी असतात. हा संपादक ब्राउझरबरोबर येत नाही. त्याची आज्ञावली प्रत्येक वापरकर्त्याच्या यंत्रावर उतरवून घ्यावी लागते.

या संपादकांचा पाया एका जुन्या सोयीवर आहे. वेब-पृष्ठाचा एखादा भाग वाचकाला संपादनासाठी मोकळा करण्याची सोय मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या ५.५ या आवृत्तीत, म्हणजे २००० साली, आली व पुढे ती सर्व ब्राउझरांनी स्वीकारली. तिच्या जोडीला ‘निवडलेला मजकूर ठळक कर’, ‘यादी कर’ अशा तयार आज्ञाही आल्या. परंतु प्रत्येक ब्राउझर या आज्ञांचा अर्थ थोडा निराळा लावीत असे. परिणामी, एका यंत्रावर लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर वेगळा दिसे. या आज्ञा आज कालबाह्य म्हणून घोषित झालेल्या आहेत. ब्राउझरांत त्या अद्याप चालतात, परंतु त्यांवर नवे काम उभारणे शहाणपणाचे नाही. मागील दहा-बारा वर्षांत आलेल्या प्रमुख संपादकांनी म्हणूनच निराळा मार्ग धरला. ते मजकुराचा स्वतःचा आराखडा स्मृतीत ठेवतात आणि पडद्यावर केवळ त्याचे प्रतिबिंब दाखवितात.

‘हलका’ या शब्दाचा अर्थ

हलकेपणाचा विचार करताना सामान्यतः आज्ञावलीच्या आकारमानाकडे पाहिले जाते. ते योग्यच आहे. परंतु तेवढ्याने भागत नाही. माझ्या मते भार तीन प्रकारचे आहेत.

पहिला भार वाहतुकीचा. साधा हिशेब पाहू. एखाद्या ठिकाणी संपर्काची गती सेकंदाला १०० किलोबिट इतकीच मिळत असेल, तर १,००० किलोबाइट आकाराची आज्ञावली उतरण्यास ८० सेकंद लागतील. तीच ५० किलोबाइटची असेल, तर ४ सेकंद पुरतील. ऐंशी सेकंद कोऱ्या पडद्याकडे पाहत बसणारा अर्जदार क्वचितच सापडेल. येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. संपादकासोबत टंकही पाठविला जात असेल, तर त्याचाही भार त्यात मिळवावा लागतो. देवनागरीत जोडाक्षरांचे व मात्रांचे आकार पुष्कळ असल्याने देवनागरी टंक रोमन टंकापेक्षा बराच जड असतो, व कित्येकदा तो संपादकाहूनही जड भरतो. दोन-तीन जाडींचे टंक पाठवून हलका संपादक निवडल्याचे समाधान मानणे म्हणजे बैल बदलून गाडीतील ओझे तसेच ठेवणे होय. शक्य तेथे वापरकर्त्याच्या यंत्रावर असलेला देवनागरी टंकच वापरावा.

दुसरा भार यंत्राच्या श्रमाचा. आज्ञावली उतरल्यावर ती यंत्राने वाचावी लागते. नव्या संगणकावर हे काम क्षणात होते. परंतु कमी किमतीच्या वा जुन्या भ्रमणध्वनीवर प्रत्येक अक्षर उमटण्यास विलंब लागू शकतो. यास्तव कोणताही संपादक कचेरीतील उत्तम संगणकावर न पारखता, ज्यांनी तो वापरावयाचा आहे त्यांच्या हातातील यंत्रावर पारखावा.

तिसरा भार सांभाळण्याचा. हा भार उशिरा जाणवतो. संपादक बसविल्यानंतर त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या कराव्या लागतात, नव्या आवृत्त्या घ्याव्या लागतात. जेथे एकच तंत्रज्ञ दहा कामे पाहतो, तेथे पन्नास जोडण्या असलेली आज्ञावली त्याच्या गळ्यातील लोढणे होते.

मराठीच्या कसोट्या

आता मी विषयाच्या गाभ्याकडे वळतो. जगातील बहुतेक संपादक रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडविलेले आहेत. त्यांचे दोष इंग्रजी लेखनात दिसत नाहीत. मराठी लेखनात ते दिसतात. म्हणून मराठीच्या कसोट्या आपणच ठरविल्या पाहिजेत.

*पहिली कसोटी : शब्द घडत असतानाचे वर्तन.* मराठी लिहिण्याच्या पद्धती अनेक आहेत. टंकलेखन शिकलेले लिपिक रेमिंग्टनच्या मांडणीने लिहितात. शासनमान्य इनस्क्रिप्ट मांडणी १९८६ पासून प्रचारात आहे. तरुण मंडळी भ्रमणध्वनीवर रोमन अक्षरे दाबून मराठी शब्द उमटवितात. या शेवटच्या पद्धतीत शब्द पूर्ण होईपर्यंत तो ‘घडत’ असतो. कळफलकाची आज्ञावली त्याचे रूप क्षणोक्षणी बदलीत असते. ब्राउझर याची सूचना संपादकाला देतो. चांगला संपादक तेवढा वेळ हात आखडून स्वस्थ राहतो. उतावळा संपादक मध्येच मजकुराची फेरमांडणी करतो, आणि मग अक्षरे दुबार उमटतात, कर्सर ओळीच्या आरंभी जातो, किंवा अर्धा शब्द नाहीसा होतो. कोणती कळ दाबली यावर विसंबून लिहिलेले संपादक अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर हमखास फसतात. कारण तेथील कळफलक बहुधा दाबलेल्या कळीचा खरा क्रमांक कळवीतच नाहीत.

*दुसरी कसोटी : अर्धा र.* मराठीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन भिन्न शब्द आहेत. पहिला समुद्र, दुसरा डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यांना’ बोलावणे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे यांतील अंतर तर लग्नघरी कोणीही सांगेल. दुसऱ्या रूपातील आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर व त्यास हलन्त जोडतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे ‘शून्य रुंदीचा जोडक’ हे न दिसणारे चिन्ह घालतात. आता अनेक संपादक चिकटविलेला मजकूर स्वच्छ करताना न दिसणारी चिन्हे कचरा समजून काढून टाकतात. असे झाले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, व कोणालाही सूचना मिळत नाही. सह्याद्रीच्या दऱ्यांत राहणाऱ्या माणसाचा अर्ज दर्याकाठच्या माणसाचा ठरावा, असा हा प्रकार आहे ! नावांच्या व गावांच्या बाबतीत तो केवळ विनोदाचा विषय राहत नाही. सबब, संपादकाने हा जोडक जपलाच पाहिजे. तसेच एकच शब्द दोन रीतींनी साठविला जात असल्याने शोध घेताना दोन्ही रूपे एक मानण्याची व्यवस्था स्वतंत्रपणे करावी लागते. ‘ॲ’ या अक्षराचीही हीच स्थिती आहे. ते एकसंध लिहिता येते, तसेच अ वर चंद्र देऊनही लिहिता येते. आणि संगणकाच्या दृष्टीने ती दोन निराळी अक्षरे ठरतात.

*तिसरी कसोटी : मोजणी.* ‘कणकुंबी’ हेच नाव घ्या. डोळ्यांना यात चार अक्षरे दिसतात : क, ण, कुं, बी. युनिकोडच्या हिशेबाने यात सात चिन्हे आहेत, कारण उकार, अनुस्वार व वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. आणि प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीने साठविताना प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागत असल्याने याच नावाचे एकवीस बाइट होतात. आता एखाद्या तक्रार-अर्जास ५०० बाइटची मर्यादा घातली असेल, तर इंग्रजीत लिहिणाऱ्यास ५०० अक्षरे मिळतील आणि मराठीत लिहिणाऱ्यास जेमतेम १६६ चिन्हे मिळतील. तीही मात्रा धरून. नियम सर्वांस एकच, परंतु न्याय निराळा. मर्यादा घालावयाचीच असेल, तर ती डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांत घालावी. अक्षरे कोठे तुटतात हे ठरविण्याचे युनिकोडचे नियम उपलब्ध आहेत. देवनागरीसारख्या लिपींतील जोडाक्षरे एकत्र मोजण्याचा नियम त्यांत २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत समाविष्ट झाला. शब्दमोजणीचेही तसेच. जावास्क्रिप्ट भाषेत ‘शब्दातील अक्षर’ ओळखण्याची जी जुनी खूण आहे, ती केवळ रोमन अक्षरे, अंक व अधोरेखा एवढेच ओळखते. तिच्यावर आधारलेला संपादक दोन पाने मराठी मजकुरापुढे ‘शून्य शब्द’ असा निर्वाळा देतो.

*चौथी कसोटी : जुन्या मजकुराचे आगमन.* युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तरी आपल्याकडे छपाईची व कचेरीची बरीच कामे त्यानंतरही दीर्घकाळ खासगी संकेतनाच्या टंकांवर होत राहिली. त्या मजकुरात आत रोमन अक्षरांचे क्रमांक असतात. विशिष्ट टंक लावला की ते देवनागरी दिसतात. असा मजकूर संपादकात चिकटविला आणि संपादकाने ‘अनावश्यक’ म्हणून टंकाचे नाव काढून टाकले, तर पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांची रास उरते. टंकाचे नाव तसेच ठेवले, तर मजकूर त्या यंत्रापुरता वाचता येतो, पण शोधता येत नाही व दुसऱ्या यंत्रावर पुन्हा निरर्थक होतो. योग्य मार्ग असा की, टंकाचे नाव पुसण्यापूर्वी ते तपासावे, जुना टंक आढळल्यास लेखकास स्पष्ट सूचना द्यावी, आणि मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करूनच आत घ्यावा. रूपांतराची किल्ली त्या टंकाच्या नावातच असते. ती हरवू देऊ नये. म्हणून चिकटविण्याच्या क्रियेत आपली आज्ञा मध्ये घालता येईल असाच संपादक घ्यावा.

*पाचवी कसोटी : भाषेची नोंद आणि अक्षरांचे रूप.* महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमाला व वर्णांची प्रमाण रूपे निश्चित केली. मराठीतील ल व श यांची वळणे हिंदीतील प्रचलित वळणांहून निराळी आहेत, हे आपण जाणता. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांस एकच क्रमांक आहे. मराठी वळण दिसावयाचे, तर टंकात ते असावे लागते आणि मजकुराची भाषा मराठी आहे अशी नोंद पृष्ठात करावी लागते. ही नोंद केवळ शोभेसाठी नाही. दृष्टिहीन वाचकांसाठी मजकूर मोठ्याने वाचणारी आज्ञावली याच नोंदीवरून उच्चार ठरविते. या सीमाभागात तिचे महत्त्व दुप्पट आहे. कारण एकाच पत्रात मराठी परिच्छेद, कन्नड पत्ता आणि इंग्रजी क्रमांक येणे स्वाभाविक आहे. परिच्छेदागणिक भाषा नोंदविता येईल आणि चिकटविताना ती नोंद पुसली जाणार नाही, असा संपादक येथे हवा.

*सहावी कसोटी : दिसणे.* रोमन लिपीत तिरप्या अक्षरांची परंपरा आहे, देवनागरीत ती नाही. यंत्राने तिरपी केलेली देवनागरी अक्षरे कुरूप दिसतात. अधोरेखा ही उकार व ऋकार यांवरून जाते. अक्षरांत अंतर वाढविले की शिरोरेषा तुटते. ओळींतील अंतर कमी असेल, तर रफार व अनुस्वार छाटले जातात. म्हणून मराठी संपादकाच्या पट्टीवर तिरपे अक्षर, अधोरेखा व अक्षरांतर यांच्या कळा नसल्या तरी बिघडत नाही. उलट त्या काढल्याने संपादक अधिक हलका होतो. ठळक अक्षर, शीर्षक, दोन प्रकारच्या याद्या, दुवा, आणि केलेले रद्द करण्याची सोय एवढ्यात नव्वद टक्के कामे भागावीत.

उपलब्ध संपादकांचा धावता परिचय

प्रथम एक प्रश्न स्वतःस विचारावा : संपादकाची गरज आहे काय ? तक्रार, अभिप्राय, पत्ता, छोटे निवेदन यांस साधी चौकट पुरते. ती उतरवून घ्यावी लागत नाही, घडणारे शब्द ब्राउझर स्वतः सांभाळतो, आणि तिच्यातून निघालेला मजकूर स्वच्छ असतो. आपली बहुसंख्य कामे या वर्गात मोडतात. या चौकटीहून हलका संपादक जगात नाही.

दुसरा वर्ग थोड्या सजावटीचा. वाचनालयाची बातमी, शाळेचा अहवाल, मासिक परिपत्रक या कामी यादी व शीर्षके लागतात. येथे ट्रिक्स व क्विल ही नावे विचारात घेण्याजोगी आहेत. ट्रिक्स हा बेसकॅम्प या कंपनीने केलेला संपादक मोजक्याच कळा देतो. तक्ते त्यात नाहीत. २०१९ साली रेल्स या प्रसिद्ध प्रणालीच्या सहाव्या आवृत्तीत त्यास स्थान मिळाले. क्विलची दुसरी मोठी आवृत्ती २०२४ साली आली. त्यातील सोयी अधिक आहेत व नको त्या गाळता येतात. पेल नावाचा एक संपादक तर दोन किलोबाइटहूनही कमी वजनाचा आहे. परंतु तो वर सांगितलेल्या कालबाह्य आज्ञांवर उभा आहे, आणि मराठी मजकूर स्वच्छ करण्याचे सर्व काम आपणांवर सोडतो. वजन कमी आणि जबाबदारी अधिक, असा हा सौदा आहे.

तिसरा वर्ग म्हणजे स्वतः संपादक नसून संपादक घडविण्याची सामग्री. प्रोझमिरर, त्यावर बांधलेला टिपटॅप, आणि मेटा कंपनीने २०२२ साली खुला केलेला लेक्सिकल ही त्याची उदाहरणे. लेक्सिकलचा गाभा सुमारे २२ किलोबाइटचा असल्याचे त्याचे कर्ते सांगतात. परंतु कळांची पट्टी व अन्य सोयी जोडू तसे वजन वाढते, हे विसरू नये. प्रोझमिररमध्ये कोणते घटक मजकुरात येऊ शकतात याचा नियम आधी लिहावा लागतो, व नियमाबाहेरचे काहीही आत येत नाही. ठरावीक साच्याचे दस्तऐवज ठेवणाऱ्या कचेऱ्यांस ही शिस्त मोलाची आहे. मात्र त्यासाठी जाणता तंत्रज्ञ हवा.

चौथा वर्ग टायनीएमसीई व सीकेएडिटर यांसारख्या परिपूर्ण संपादकांचा. मोठे तक्ते व वर्डमधून आणलेले लांबलचक दस्तऐवज हाताळावयाचे असतील, तर त्यांना तोड नाही. परंतु हलकेपणा हा त्यांचा गुण नव्हे.

परवाना आणि दीर्घायुष्य

शासकीय कागद दीर्घकाळ जपून ठेवावे लागतात. संगणकाच्या आज्ञावलीचे आयुष्य त्यामानाने अल्प. सीकेएडिटरच्या चौथ्या आवृत्तीचा आधार जून २०२३ मध्ये संपला. फेसबुकने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या ड्राफ्ट या संपादकाची देखभाल थांबली व त्याची जागा लेक्सिकलने घेतली. टायनीएमसीईची सहावी आवृत्ती एमआयटी परवान्याखाली होती; २०२४ च्या सातव्या आवृत्तीपासून जीपीएल परवाना लागू झाला, ज्याच्या अटी निराळ्या आहेत. यात कोणाचा दोष नाही. परंतु संपादक बदलावा लागणार हे गृहीत धरूनच प्रारंभ केला पाहिजे.

म्हणून मजकूर कोणत्या रूपात साठतो हा प्रश्न संपादकाच्या नावाहून महत्त्वाचा आहे. काही संपादक मजकूर आपल्या खास आराखड्यात साठवितात. संपादनास ते सोयीचे असते, परंतु तो संपादक गेला की मजकूर वाचण्यास दुभाष्या लागतो. जुन्या टंकांनी आपणांस हाच धडा दिला आहे : अक्षरे होती, पण किल्ली दुसऱ्याकडे होती. खास आराखडा ठेवावयाचा असेल, तर त्याच्यासोबत साध्या एचटीएमएल रूपातील एक प्रत आणि निव्वळ युनिकोड मजकुराची एक प्रत साठवावी. जागा थोडी अधिक लागते. परंतु पंचवीस वर्षांनी कागद वाचता येईल अशी खात्री राहते.

सुरक्षेविषयी एवढेच सांगतो की, संपादक हा द्वारपाल नव्हे. तो आपल्या परीने मजकूर स्वच्छ करतो. परंतु दुष्ट हेतूने पाठविलेला मजकूर संपादकाला वगळून थेट सर्व्हरकडे जाऊ शकतो. म्हणून सर्व्हरवर स्वतंत्र छाननी हवीच, आणि त्या छाननीतही शून्य रुंदीचा जोडक व भाषेची नोंद काढली जाऊ नये.

निवडीची कार्यपद्धती

आपल्या संस्थेसाठी संपादक निवडताना पुढील क्रम पाळावा, असे मी सुचवितो.

१. साध्या चौकटीने काम भागते काय, हे आधी ठरवावे. भागत असेल, तर तेथेच थांबावे.

२. लागणाऱ्या कळांची यादी कागदावर लिहावी. दहाहून अधिक झाल्यास प्रत्येकीचे कारण विचारावे.

३. एक पानभर कसोटीचा मजकूर तयार ठेवावा. त्यात दऱ्या, आचाऱ्यांना, ॲड असे शब्द, एक कन्नड ओळ, एक यादी, आणि जुन्या टंकातील एक परिच्छेद असावा.

४. तो मजकूर इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन आणि भ्रमणध्वनीवरील रोमन या तिन्ही पद्धतींनी लिहून, साठवून, पुन्हा उघडून मूळ प्रतीशी अक्षरशः ताडून पाहावा.

५. परिसरातील सर्वांत कमी क्षमतेचा भ्रमणध्वनी व सर्वांत दुर्बल संपर्क वापरून पृष्ठ उघडण्यास किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजावे.

६. लिहिता लिहिता संपर्क तोडून पाहावा. चांगल्या व्यवस्थेत मजकूर यंत्रावरच तात्पुरता साठतो व संपर्क येताच परत मिळतो. ही सोय संपादकात नसल्यास स्वतंत्रपणे जोडावी. पावसाळ्यात कणकुंबीसारख्या ठिकाणी ती सर्व सजावटीहून मोलाची आहे.

७. माऊसचा उपयोग न करता केवळ कळफलकाने व वाचक-आज्ञावलीच्या साह्याने संपादक चालतो काय, हे पाहावे. भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली असून सर्वांस सुलभता हा तिचा एक आधारस्तंभ आहे.

८. परवाना वाचावा, शेवटची आवृत्ती केव्हा निघाली ते पाहावे, आणि मजकूर बाहेर काढण्याचा मार्ग आधी तपासून मगच संपादक बसवावा.

या आठ गोष्टींस एक आठवडा पुरे होतो. त्यातील कसोटीचा मजकूर तयार करण्याचे काम येथील शिक्षक व वाचनालयांचे कार्यकर्ते कोणत्याही कंपनीपेक्षा चांगले करू शकतील. कारण कोणते शब्द कोठे मोडतात, हे रोज लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते. असा मजकूर परिसरातील सर्व संस्थांनी मिळून एकच ठेवला, तर प्रत्येकाचे श्रम वाचतील. आढळलेले दोष संपादकाच्या कर्त्यांना कळवावेत, अशीही विनंती आहे. खुल्या परवान्याच्या आज्ञावलीत दोष कळविण्याचा व दुरुस्ती सुचविण्याचा अधिकार प्रत्येकास असतो. मराठीचे दोष मराठी लिहिणाऱ्यांनी कळविले नाहीत, तर ते दुसरे कोण कळविणार ?

समारोप

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार प्रत्येक व्यक्तीस आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, त्या त्या ठिकाणी वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन सादर करण्याचा हक्क आहे. संविधानकर्त्यांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी कागद व लेखणी होती. आज त्या कागदाची जागा पडद्यावरील चौकटीने घेतली आहे. ती चौकट मराठी, कन्नड वा कोकणी अक्षर मोडीत असेल, अथवा दुर्बल संपर्कावर उघडतच नसेल, तर कायद्याने दिलेला हक्क व्यवहारात उणा पडतो. म्हणून संपादकाची निवड ही केवळ तंत्रज्ञाच्या आवडीनिवडीची बाब मानू नये. ती करताना लिहिणाऱ्याचा भ्रमणध्वनी, त्याचा कळफलक, त्याची भाषा आणि त्याच्या गावचा पाऊस हे चारही विचारात घ्यावेत. साधी चौकट पुरत असेल तेथे ती द्यावी. न पुरेल तेथे मोजक्या कळांचा, जोडक जपणारा आणि मजकूर मोकळेपणाने परत देणारा संपादक द्यावा. एवढे पथ्य पाळले, तरी पुष्कळ साधेल.